आईची सत्तरी, शिडाची बोट आणि सात दिवसांत सँटोरिनी

प्रश्न: येत्या वर्षी आमच्या आईला सत्तर वर्षं पूर्ण होतील. धाकटी बहीण म्युनिकला असते. तिनं आणि माझ्या नवऱ्यानं मिळून घाट घातलाय, की ग्रीसमध्ये आठवडाभर शिडाची बोट भाड्यानं घ्यायची आणि अथेन्स, मिकोनोस, सँटोरिनी करून परत अथेन्सला यायचं. एकूण आठ जण: आम्ही दोघं, आमचे दोन मुलगे (वय ११ आणि ६), बहीण, मेहुणे, त्यांची मुलगी (वय ९) आणि आई. आईचे गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे, पोहता येत नाही, आणि ती पूर्ण शाकाहारी. तिला अजून काहीच सांगितलेलं नाही, सरप्राइज आहे. नवरा कॉलेजात एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये होता. तो म्हणतो, बोट मीच चालवेन, वेगळा माणूस कशाला? पाणी उबदार असतं म्हणून त्याला ऑगस्ट हवाय. मुलांची शाळा बुडेल ती वेगळीच. बहिणीला डेकवर आईला सत्तर दिव्यांनी ओवाळायचंय. या सगळ्यात मी एकटीच घाबरट ठरतेय. हे खरंच जमण्यासारखं आहे का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर:

जमण्यासारखं आहे. फक्त समुद्र बदला, महिना बदला आणि सुकाणूवर दुसरा माणूस आणा. मग आमच्या बेतात उरलं काय, असं तुमचे मिस्टर विचारतील. विचारू देत.

आधी गणित. अथेन्सहून मिकोनोस, तिथून सँटोरिनी आणि परत अथेन्स हा फेरा अडीचशे सागरी मैलांच्या वर जातो, म्हणजे साडेचारशे किलोमीटरहून जास्त. भाड्याची शिडाची बोट ताशी पाच-सहा सागरी मैल कापते. आपल्या हिशेबात ताशी दहा किलोमीटर, शेअर रिक्षापेक्षा हळू. बोट साधारणपणे शनिवारी संध्याकाळी ताब्यात मिळते आणि पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी मूळ धक्क्यावर परत आणावी लागते. मधे हातात राहतात सहा दिवस. रोज साडेसात-आठ तास नुसतं चालायचं, तेही वारा मनासारखा असेल तर. सहा वर्षांच्या मुलाला साडेसात तास डेकवर बसवून बघा. नको, घरच्या गच्चीवरच बसवून बघा.

आणि ऑगस्टमध्ये तिथला वारा मनासारखा नसतो. एजियन समुद्रावर उन्हाळ्यात उत्तरेकडून मेलतेमी नावाचा वारा वाहतो. बाल्कन देशांवर हवेचा दाब जास्त, तुर्कस्तानच्या तापलेल्या पठारावर कमी, आणि या दोहोंच्या मधे एजियन. तुर्कस्तानवरचा तो कमी दाब म्हणजे आपल्याकडे पाऊस आणणाऱ्या मोसमी पट्ट्याचंच पश्चिमेकडचं टोक. आपल्याकडे छत्र्या उलट्या होत असतात तेव्हा तिकडे आकाश निळंशार असतं आणि बोटी धक्क्याला बांधून पडलेल्या असतात. जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा जोर सगळ्यात जास्त. एकदा सुटला की तीन-तीन, चार-चार दिवस थांबत नाही. सँटोरिनीहून अथेन्सला येताना तो थेट तोंडावर येतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. आम्ही जुलैत गेलो होतो आणि पारोस बेटावर तीन दिवस अडकलो. ऊन लख्ख होतं आणि टॅव्हर्नातले, म्हणजे तिथल्या खाणावळीतले, टेबलक्लॉथ क्लिपा लावूनसुद्धा उडत होते. डोलकाठ्यांमधून शीळ घातल्यासारखा आवाज रात्रभर चालायचा. चौथ्या दिवशी निघालो तेव्हा माझी जाऊबाई बादली मांडीवर घेऊन बसली होती आणि शुक्रवारपर्यंत कुणाशी बोलली नाही. सँटोरिनीचं तर आणखी एक आहे. ज्वालामुखीच्या त्या प्रसिद्ध कढईत पाणी तीनशे मीटरच्या वर खोल आहे, तिथे नांगर टाकणार कुठे? बोटी लावायला जागा मोजक्याच. सँटोरिनी बघायची असेल तर मोठ्या फेरीबोटीनं जा, दोन रात्री हॉटेलात काढा. मुलांना कड्यावरून सूर्यास्त दिसेल, आईसाठी मात्र लिफ्ट असलेलं हॉटेल बघा.

तुमच्या घरासाठी मी ग्रीसची दुसरी बाजू सुचवेन, पश्चिमेचा आयोनियन समुद्र. लेफकादा बेटावर बोट घ्यायची आणि मेगानिसी, कालामोस, कास्तोस, इथाका, केफालोनियाचं उत्तर टोक एवढ्यातच आठवडाभर फिरायचं. सगळा फेरा साठ-सत्तर सागरी मैलांचा. एका धक्क्यावरून पुढचं बेट दिसत असतं. मुंबईच्या नकाशात मांडायचं तर गेटवेहून मांडवा, मांडव्याहून रेवस, असं दोन-तीन तासांचं अंतर. मेलतेमी इथे पोहोचत नाही. त्याऐवजी दुपारी वायव्येकडून मायस्त्रो येतो, तोही बहुतेक दिवशी शहाण्यासारखा: सकाळी नाही, एक-दोन वाजता सुरू होतो, चार-पाचला भरात येतो आणि अंधार पडता पडता विझतो. चौथीच्या भूगोलातले खारे वारे आठवत असतील तर मुलांना तिथेच धडा शिकवा. वादळ कधीच येत नाही असं मात्र समजू नका. रोज सकाळी हवामान बघायचं आणि मगच नांगर उचलायचा.

अथेन्सहून लेफकादाला बस किंवा गाडीनं पाच-सहा तास लागतात. वाटेत कोरिंथचा कालवा आणि २००४ साली खुला झालेला रिओ-आंतिरिओचा लांबलचक पूल लागतो. लेफकादा बेट असलं तरी मुख्य भूमीला तरंगत्या पुलानं जोडलेलं आहे. ठरलेल्या वेळी तो पूल गाड्या थांबवून बाजूला सरकतो आणि बोटींना वाट देतो. तुमचे मुलगे तिथून हलणार नाहीत, त्यासाठी अर्धा तास राखून ठेवा.

आता महिना. समुद्र सगळ्यात सुखाचा असतो सप्टेंबरात, पण तेव्हा गणपती, आणि शाळाही सुरू. दिवाळीची सुट्टी उशिराची, तोवर पाऊस लागतो आणि बोटवाले आवरायला घेतात. म्हणून मेचा शेवट ते जूनचा पहिला आठवडा. पाणी जरा गार लागेल, वीस-एकवीस अंश. मुलं तरीही उतरणार नाहीत असं कधी झालंय का? म्युनिक ज्या बव्हेरिया राज्यात आहे तिथल्या शाळांना पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणानंतर दोन आठवड्यांच्या आसपास सुट्टी असते, म्हणजे म्युनिकची भाचीही मोकळी. ही सुट्टी ईस्टरच्या हिशेबानं दर वर्षी मागे-पुढे सरकते. कधी मेच्या मध्यातच येते, तेव्हा बहिणीला शाळेचं कॅलेंडर बघायला सांगा आणि नंतरच पैसे भरा. या दिवसांत बोटीचं भाडंही ऑगस्टपेक्षा बरंच कमी असतं. मिस्टरांपुढे हा मुद्दा आधी ठेवा.

त्यांचा प्रश्न नाजूक आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. एनसीसीत शिडाची होडी चालवलेल्या माणसाला वारा कळतो, हे खरंच. पण ग्रीसमध्ये स्किपर, म्हणजे बोट चालवणारा माणूस, न घेता नुसती बोट हवी तर तुमच्यातल्या एकाकडे मान्यताप्राप्त स्किपरचं लायसन्स लागतं, आणि बोट हाताळता येणारं आणखी एक माणूस लागतं. एनसीसीचं ‘सी’ सर्टिफिकेट तिथे चालत नाही. म्हणजे वाद तिथेच मिटतो. तरी समजा लायसन्स असतं, तरी मी स्किपर घ्याच म्हटलं असतं. समुद्रावर चालवणं हा त्यातला सोपा भाग. परीक्षा असते ती धक्क्याला लावताना.

तिकडे बोट आपल्या भाऊच्या धक्क्यासारखी कडेनं लावत नाहीत. धक्क्यापासून तीस-चाळीस मीटरवर पुढून नांगर सोडायचा, साखळी सैल करत मागे मागे यायचं आणि दोन बोटींच्या मधल्या फटीत पाठ घालायची. त्याच वेळी नेमका दुपारचा वारा बाजूनं ढकलत असतो. आजूबाजूच्या बोटींवरची मंडळी कॉफीचे कप घेऊन तमाशा बघायला तयार असतात. केफालोनियातल्या फिस्कार्दो बंदरात आमच्या दिरांनी, लायसन्सवाल्या, अस्साच नांगर टाकला आणि तो शेजारच्या जर्मन आजोबांच्या साखळीवर आडवा पडला. ते रात्री कळलं नाही. सकाळी सहाला आजोबा निघाले आणि त्यांच्या नांगराबरोबर आमचाही वर आला. पायजम्यावर पळापळ, तीन भाषांत ओरडाआरडा. आजोबा मात्र शांतपणे आमची साखळी दोरानं पेलून सोडवत होते. दीर त्यानंतर दोन दिवस सुकाणूकडे फिरकले नाहीत.

म्हणून मिस्टरांना असं सांगा: स्किपर बोट धक्क्याला लावेल, भर समुद्रात सुकाणू तुमच्या हातात. चांगला स्किपर हौशी माणसाला आनंदानं शिकवतो. आपल्या तांडेलासारखाच तोही तिथल्या पाण्यात वाढलेला असतो, कुठल्या खाडीत रात्री लाट येते हे नकाशात नसतं ते त्याला ठाऊक असतं. त्याची मजुरी दिवसाला साधारण दीडशे ते दोनशे युरो, शिवाय त्याचं जेवण आणि झोपायची जागा तुमच्याकडे. आठ माणसांत वाटून बघा, आणि ‘तुला सुट्टी हवी की ड्युटी?’ एवढंच विचारा.

बोट दोन सांगाड्यांची घ्या, कॅटॅमरान. एका सांगाड्याची बोट वाऱ्यात कलते, आणि ते कलणं हीच खरी मजा असं तिचे भक्त म्हणतात. आईच्या गुडघ्यांना ती मजा नको. चाळीस-बेचाळीस फुटी कॅटॅमरानमध्ये चार केबिन असतात: दोन जोडप्यांना दोन, मुलग्यांना एक, आजी आणि नात एकीत. स्किपरसाठी पुढच्या टोकाला छोटी खोली आहे का, आणि बोटीचा परवाना किती माणसांचा आहे, हे लेखी विचारा. लहान मुलं आणि स्किपर धरून नऊ होतात. भाड्यावर आणखी काय काय चढतं तेही विचारून घ्या: साफसफाई, डिझेल, चादरी, धक्क्यांचं भाडं, आणि हजारांच्या घरात जाणारी अनामत रक्कम. अनामतीचा विमा वेगळा मिळतो, तो घ्या.

आता आई. तुमच्या पत्रात सगळ्यात खटकलं ते हेच, की तिला सांगितलेलं नाही. साडी सरप्राइज द्यावी. आठवडाभर हलणारं घर असं अचानक देऊ नये. तिला आधी सांगा, आणि सांगण्याआधी पाऊस लागायच्या आत एकदा गेटवेहून मांडव्याची साधी लाँच पकडा. गाड्या नेणारी मोठी रो-रो नको, तिच्यात काही कळत नाही. आईला बोट लागते का, चढता-उतरताना हात किती धरावा लागतो, हे तासाभरात दिसेल. बोटीच्या मागच्या बाजूनं धक्क्यावर उतरायला एक अरुंद फळी टाकतात. मी माझ्या सासूबाईंना पहिल्या दिवशी तीवरून नेलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘एवढ्यासाठी विमानानं आणलंस होय?’ तिसऱ्या दिवशी त्याच फळीवरून काठी न घेता पाव आणायला निघाल्या होत्या. सगळ्यांचं असं होईल असं नाही. आईला रात्री झोप लागेना तर फिस्कार्दो, वाथी, सिवोता अशा ठिकाणी धक्क्यापासून दोन मिनिटांवर खोल्या मिळतात. एक-दोन रात्री बहिणीबरोबर तिथे काढू देत, यात बेत फसला असं काही नाही.

बोट लागण्यावर: खाली केबिनमध्ये बसून मोबाइल बघणाऱ्याला ती आधी लागते. मागच्या डेकवर, नजर क्षितिजावर, पोट अगदी रिकामं नको. आलेपाकाच्या वड्या भरपूर न्या. गोळी मात्र आईच्या डॉक्टरांना विचारून, बीपीच्या औषधाबरोबर चालेल अशीच. लाइफ जॅकेटं मुलांची वजनं कळवून आधी मागवा, आणि चालत्या बोटीत आई आणि तिन्ही मुलांच्या अंगावर ती असलीच पाहिजेत. ग्रीक तटरक्षक दलाचा नंबर १०८, युरोपभरचा ११२. दोन्ही फ्रिजवर चिकटवा.

शाकाहाराची काळजी तुम्ही धरलीत तेवढी नाही. ऑर्थोडॉक्स ग्रीकांचे वर्षभर इतके उपास असतात की बिनमांसाचं, बिनदुधाचं जेवण त्यांच्या घरचंच आहे. ‘निस्तीसिमो’ म्हणजे उपासाचं. हा शब्द वापरा, पण त्यांच्या उपासाला कोळंबी, कालवं चालतात, तेव्हा ताटात काय आहे ते विचारा. ‘होरिस क्रेआस’ म्हणजे मांसाशिवाय. टोमॅटोच्या रसात भाजलेले मोठे पांढरे घेवडे मिळतात, त्यांना गिगांतेस म्हणतात. फावा म्हणजे आपलं घट्ट वरणच, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्ह तेल. वांग्याची मेलिद्झानोसालाता खाऊन आई म्हणेल, भरीतच की, फक्त फोडणी विसरलेत. टॅव्हर्नाच्या स्वतःच्या धक्क्यावर बोट लावली आणि रात्री तिथेच जेवलात, तर बहुतेक ठिकाणी लावण्याचे पैसे घेत नाहीत.

बोटीवर गॅसची शेगडी असते. छोटा कुकर, डाळ-तांदूळ, मेतकूट, चटण्या, भाजणी न्या. पण भारतातून दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत, म्हणजे तूप आणि पेढे घरीच. ताजा कढीपत्ताही नको. नारळ मात्र चालतो, का ते त्यांनाच माहीत. चालत्या बोटीत तळण करू नका.

सामान मऊ बॅगांतून. कडक ट्रॉली बॅग बोटीत ठेवायला जागाच नसते, ती आठवडाभर तुमच्या पलंगावर झोपेल. पाणी जपून. टाकी साधारण पाच-सहाशे लिटरची, म्हणजे घरच्या माळ्यावरची एक काळी टाकी, आणि अंघोळीला नऊ माणसं. संडासात कागद टाकायचा नसतो, तुंबला की सगळ्यांची सुट्टी तुंबते. एक प्लास्टिकचा मग न्या, आई दुवा देईल.

व्हिसाचं एकच, पण महत्त्वाचं. शेंगेन व्हिसा ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे मागायचा. बहिणीकडे दहा दिवस आणि ग्रीसमध्ये आठ असतील तर अर्ज जर्मनीकडे. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५, म्हणजे धाकटा अर्ध्या तिकिटात, आणि तोवर बारा पूर्ण झाले नसतील तर थोरलाही. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. त्यात शिडाच्या बोटीवरचा अपघात धरलाय का, ते बारीक अक्षरांत वाचा.

राहिले दिवे. वाढदिवस शुक्रवारी येत असेल तर तो गुरुवारीच करा, कारण शुक्रवारी सगळे परतीच्या घाईत आणि डिझेलच्या रांगेत असतात. जागा म्हणून मी इथाकातलं किओनी सुचवेन. छोटं अर्धगोल बंदर, टोकावर जुन्या पवनचक्क्यांचे बुरूज, पाण्यालगत टेबलं. पण बोटीत एकही वात पेटवू नका. फायबरचा सांगाडा, कापडाची शिडं, खाली गॅस आणि डिझेल. स्किपर मधेच फुंकर मारेल आणि अपशकुन झाला म्हणून आई रुसेल. टॅव्हर्नावाल्याला दुपारीच सांगून ठेवा, तो धक्क्यावर आडोशाचं टेबल देईल. वारा पडला की साडेआठनंतर तिथे ओवाळा. वाती घरूनच वळून न्या, तेल तिथे हवं तेवढं मिळतं.